कुलपातली वही

मी अयूब मास्तरांची वही बोलतेय. जरा जवळ या, मी हळू बोलणार आहे. मोठ्याने बोलायची मला सवय नाही, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नाही. माझं जवळजवळ सगळं आयुष्य कुलपात गेलं. अजूनही कोणी माझ्याकडे हात नेला की माझी पानं एकमेकांना घट्ट धरून बसतात.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. चंद्रपूरजवळच्या मूल गावात, बस स्टँडमागे त्यांचं शिलाईचं दुकान आहे. वर्षभर ते पँट-शर्ट शिवतात, पण त्यांचा जीव नाटकात. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्यात, धान कापून झालं की गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि मंडईला नाटक नसेल तर आलेले पाहुणे नाक मुरडतात. वडसा गावच्या नाटक कंपन्या नाटकं घेऊन गावोगाव फिरतात आणि त्यांना दरवर्षी काहीतरी नवं लागतं. ते मास्तर लिहून देतात. कापड कापायच्या टेबलावर, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात.

माझा जन्म १९९७ सालचा. चंद्रपूरच्या एका बायंडरने मला बांधलं. चारशे पानं, जाड पुठ्ठा, पाठीला लाल कापड. मास्तरांनी घरी आणल्यावर उरलेल्या सुटिंगच्या तुकड्यातून माझ्यासाठी अंगरखा शिवला. त्याला झाकण, झाकणाला काज आणि बटन. मला वाटलं, केवढे हे लाड! मग त्यांनी मला पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि बाहेरून कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या गळ्यातल्या मोजायच्या टेपला बांधलेली असायची. तेव्हा कळलं, हे लाड नव्हते, बंदोबस्त होता.

बंदोबस्त कशासाठी, ते जाहिदाबींच्या तोंडून ऐकलं. जाहिदाबी म्हणजे मास्तरांच्या पत्नी. दुकानातलं काज-बटनाचं काम त्याच करतात, आणि त्यांचे हात चालू असले की तोंडही चालू असतं. माझ्याआधी एक वही होती. तिच्यात 'भावकीचा विस्तव' नावाचं नाटक होतं. तालमीच्या जागी कोणीतरी एका दुपारी बसून ती उतरवून घेतली, आणि दुसऱ्याच एका कंपनीने नाव बदलून ते नाटक शेजारच्या गावात चार दिवस आधी लावलं. मास्तरांचा प्रयोग झाला तेव्हा पात्रांच्या आधी प्रेक्षकच संवाद म्हणू लागले. "हे तं पाह्यलं आमी! पुढचं आमीच सांगतो!" असं ओरडून लोक पोट धरून हसत होते. मास्तर विंगेत उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकानात कोळशाची इस्त्री पेटवली, त्या वहीचं एकेक पान फाडलं आणि निखाऱ्यांत घातलं. मग त्याच इस्त्रीने तीन शर्ट इस्त्री केले, असंही जाहिदाबी म्हणाल्या.

ते ऐकलं आणि माझ्या पाठीचं लाल कापड गार पडलं. नाटक चोरीला गेलं तर चोराचं काही होत नाही. जळते ती वही. ती काळी इस्त्री माझ्या पेटीपासून दोन हातांवर ठेवलेली असायची. रोज तिच्यात कोळसे पडायचे, रोज मी श्वास रोखून बसायचे.

त्या चोरीनंतर मास्तरांनी नियम कडक केले. पूर्ण नाटक फक्त माझ्यात. कंपनीतल्या नटाला मिळायची ती त्याची नक्कल, म्हणजे त्याचे स्वतःचे संवाद आणि समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द. ही तशी जुनीच पद्धत, पण मास्तर तिच्याही पुढे गेले. नाटकाचा शेवट ते माझ्यातसुद्धा लिहीत नसत. प्रत्येक नाटकानंतर चार पानं कोरी सोडत आणि शेवटचा प्रवेश प्रयोगाच्या दिवशी एकेका नटाच्या कानात सांगत.

म्हणजे माझ्यावरही त्यांचा पुरता भरवसा नव्हता. याचं वाईट वाटायचं. पण थोडं बरंही वाटायचं, हे कबूल करते. माझ्याकडे जे नाहीच, ते माझ्याकडून कोण नेणार?

लिहितानाही मास्तर टेलरच राहतात. एखादं भाषण लांबलं की "चार बोटं कमी कराव लागते" असं पुटपुटतात. नको असलेलं वाक्य पेनाने खोडत नाहीत, कापडावर खुणा करायच्या खडूने त्यावर रेघ मारतात. खडू पुसता येतो ना! माणूस असा, की नाही म्हणतानाही परतीची वाट ठेवतो. पुढे लक्षात राहू द्या हे.

पहिल्या सहा-सात वर्षांत माझ्यात चार नाटकं लिहून झाली. मग नाटक मागायला माणसं हळूहळू यायची थांबली. २००५, २००६, २००७, तीन मोसम मी पेटीतच पडून होते. वाळवीची भीती, कसरीची भीती, पावसाळ्यात ओल धरायची भीती. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आपण विसरले गेलो की काय, ही भीती. कुलूप उघडेल म्हणून घाबरायचं आणि उघडत नाही म्हणूनही घाबरायचं, असा माझा स्वभाव होऊन बसला.

२००८ मध्ये पोळा झाल्यावर वडशाहून धनराजभाऊ आले. त्यांची स्वतःची नाटक कंपनी. मास्तरांच्या माझ्यातल्या दोन नाटकांना त्यांनीच मंडया दाखवल्या होत्या.

"मास्तर, यंदा तुमचंच नाटक लावाचं आहे," ते म्हणाले. "पण तुमची नक्कल घ्याले आता इथी कोण येते? एक नट नागपूरले, एक गोंदियाले, तिघं पुण्याले नोकरीवर. सारे ऑर्कुटवर भेटून राह्यले. तुमी बी तिथी या. तिथूनच नकला पाठवा."

"ते काय राह्यते?" मास्तरांनी विचारलं.

"कम्प्युटरवरचा पार समजा. सारे तिथीच बसते, बोलते."

"चारचौघात बसून मी नाटक लिवू? नाई जमत, धनराजभाऊ. एकडाव पोळलो मी."

"मंग मी दुसऱ्याचं घेतो. काऊन का माह्यापाशी आठच दिवस आहे." धनराजभाऊंनी चहा संपवला आणि गेले.

पुढचे सात दिवस मास्तरांचं लक्ष कापडात नव्हतं. दोन पँटी त्यांनी आखूड शिवल्या. आठव्या दिवशी धनराजभाऊंना फोनवर होकार कळवला, पेटी उघडली, मला बाहेर काढलं, पहिल्या पानावर खडू टेकवला आणि लिहिलं, 'उद्यापासून रोज एक तास ऑर्कुटवर बसीन.' खाली सही. खडूने हं, पेनाने नाही. त्यांचा निश्चय केवढा पक्का होता, ते तुम्हीच समजा.

धनराजभाऊंना द्यायचं नाटक होतं 'धाकट्या, उशीर केलास'. एक धाकटा भाऊ भांडून घर सोडतो. त्याला लहानाचं मोठं केलेली ताई घरात एकटी राहते. बऱ्याच वर्षांनी तो परत येतो आणि दाराशी उभा राहून हाक मारतो. इथपर्यंत माझ्यात लिहिलेलं होतं. पुढची चार पानं नेहमीप्रमाणे कोरी. पण शेवट मला माहीत होता, कारण मास्तर कापड कापता कापता तो पुटपुटत. ताई दार उघडत नाही. आतूनच म्हणते, "या घरात आता तुले जागा नाई." पडदा. बाया पदर डोळ्यांना लावणार, याची मास्तरांना खात्री होती.

बस स्टँडसमोर नाहीदचं नेट कॅफे होतं. सकाळी तिचे संगणकाचे क्लास चालत, दुपारी ताशी हिशेबाने लोक येऊन बसत. मला पिशवीत घालून मास्तर तिथे गेले. आयुष्यात पहिल्यांदा माझं बटन परक्या जागी उघडलं. वर पंखा गरगरत होता आणि माझी पानं आपोआप उलटत होती. शेजारच्या खुर्चीवरचा एक माणूस सहज माझ्याकडे पाहत होता. मी मनातल्या मनात ओरडत होते, मास्तर, झाका मला!

नाहीदने मास्तरांचा फोटो काढला, गळ्यात टेप तशीच. मग समजावून सांगितलं, की ऑर्कुटवर प्रत्येकाची स्वतःची एक वही असते, ज्याच्याशी बोलायचं त्याच्या वहीत लिहायचं. मास्तरांचा चेहरा एकदम खुलला. प्रत्येकाची आपापली वही! म्हणजे ज्याची नक्कल त्याच्या वहीत. आणि वही म्हटलं की ती कुलपात असणारच, हे ते धरूनच चालले. दुसरं काही त्यांच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही, खोटं कशाला बोलू?

नऊ दिवस मास्तर रोज तासभर बसले. एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी जुळवत. धाकट्याचे संवाद धाकट्याच्या वहीत, सावकाराचे सावकाराच्या, पाटलाचे पाटलाच्या. अशा पाच जणांच्या वह्या भरल्या. ताईचं काम करणारी रंजीता वडशातच राहायची, तिचा ऑर्कुटशी संबंध नव्हता. तिची नक्कल मास्तरांनी खाकी कागदावर लिहून बसने पाठवली. परत येताना ते मला म्हणायचे, म्हणजे पिशवीशी बोलायचे, "सोपं आहे बे हे. उगीच भेत होतो."

दहाव्या दिवशी मास्तरांच्या स्वतःच्या वहीत एक मजकूर आला होता. लिहिणाऱ्याच्या फोटोच्या जागी माणूस नव्हता, मोहाचं झाड होतं.

'मास्तर, नमस्कार. मी बुधू. पाचही जणायच्या वह्या फिरून फिरून तुमचं नाटक वाचलं. कागदावर जोडून बी घेतलं. पण ताईचं बोलणं कुठीच भेटलं नाई. ते कुठी आहे?'

मास्तरांनी ते वाचलं आणि त्यांचा हात माझ्यावर येऊन पडला. त्यांनी नाहीदला हाक मारली. ती आली, तिने वाचलं, आणि मग तिने सगळं सांगितलं. या वह्यांना कुलूप नव्हतं. कोणीही कोणाचीही वही उघडून वाचू शकत होतं.

मास्तर घरी कसे आले, मला आठवत नाही. पिशवी त्यांच्या पायावर आपटत होती, एवढं आठवतं. दुकानात शिरताच त्यांनी कोळशाची पाटी ओढली, इस्त्रीचं झाकण वर केलं आणि निखारे घातले. मला टेबलावर ठेवलं, बटन काढलं, माझ्यावरचा अंगरखा उतरवला. अकरा वर्षांत त्यांनी तो कधी उतरवला नव्हता. मी त्या लाल फटीकडे पाहत होते. माझ्या आधीची वही मला पहिल्यांदा खरी वाटली. तिची पानं कोणत्या क्रमाने फाडली असतील, पहिल्यापासून की शेवटपासून, असलं काहीतरी माझ्या मनात येत होतं.

"फिर वोही हुआ," मास्तर म्हणाले. घरात ते हिंदीतच बोलतात. "फिर ले गया कोई."

जाहिदाबी शर्टाला काज करत होत्या. त्यांनी दोरा दातांनी तोडला. "क्या लिखा उसने?"

मास्तरांनी शब्द न् शब्द सांगितला. त्यांना पाठच झाला होता.

"चोर पूछ के ले जाता क्या जी?" जाहिदाबी म्हणाल्या आणि पुढचं काज घेतलं.

मास्तर इस्त्रीपाशी उभेच राहिले. मग त्यांनी एक पायजमा घेतला आणि त्याला इस्त्री केली. मला अंगरखा न घालताच त्यांनी पेटीत ठेवलं. मी उघड्या अंगाने ती रात्र काढली आणि एकही पान मिटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बुधूला विचारलं, 'तू कोण? तुले ताईचं बोलणं कायले पाहिजे?' उत्तर यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस मी कसे काढले ते विचारू नका. कोळशाची पाटी सरकल्याचा आवाज आला तरी माझी शिवण सैल व्हायची.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. मास्तर एकेक शब्द ओठांनी वाचत होते, म्हणून मलाही कळलं.

'मास्तर, मी गडचिरोलीतल्या एटापल्लीकडचा. पुण्याले एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. लहानपणी मामाच्या गावाले तुमचं नाटक पाह्यलं होतं, नाव ध्यानात होतं, म्हणून तुमाले शोधलं. सात वर्षं झाली, मोठ्या भावासंग, चैतूदादासंग भांडलो अन् निघालो. मंग गावाले गेलोच नाई. फोन बी नाई केला. हप्त्याची सुट्टी राह्यते तवा इथी येऊन वाचतो. बाकी काही नाई. ताई दार उघडते का नाई, तेवढं सांगा. मले सुट्टीचा अर्ज देवाचा आहे.'

मास्तरांनी चष्मा काढला, टेपच्या टोकाने पुसला, परत लावला. परत वाचलं. मग मला उघडून ती चार कोरी पानं पाहिली. नेहमीसारखे पुटपुटले, "या घरात आता तुले..." आणि तिथेच थांबले.

माझं काळीज कसं झालं होतं, काय सांगू! ते शेवटचं बोलणं तेवढंच तर उरलं होतं. पाच नकला तर गावभर झाल्याच होत्या. हेही गेलं की माझ्यात चोरण्यासारखं काही नाही, म्हणजे जपण्यासारखंही काही नाही. मग मी कशाला हवी?

मास्तरांनी बोट पुढे केलं. नाहीद मागे उभी होती. "मास्तर, ये सबको दिखेगा," ती म्हणाली.

"दिखने दे, बेटा."

आणि त्यांनी बुधूच्या वहीत लिहिलं, 'ताई (आतून): कडी लावलीच नाई रे. एक दिवस बी नाई लावली. ढकलून तं पाह.'

लिहून झालं. मग खिशातून पेन काढलं, आणि पडद्यावरच्या त्या ओळी पाहून पाहून माझ्या कोऱ्या पानावर उतरवल्या. माझ्यात लिहिलेला हा पहिला शेवट. तोही जगाने आधी वाचलेला, माझ्याकडे मागाहून आलेला. मला रडावं की काय करावं, समजेना.

धनराजभाऊंचा फोन आला तेव्हा मास्तरांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता. "साऱ्या जगाले वाचाले देलं तुमी! आता कोण पाहाले येईन?" एवढं मलासुद्धा ऐकू आलं. पण तालमी झाल्या होत्या, मंडई तोंडावर आली होती. नाटक लावणं भाग होतं. रंजीताला तिचं शेवटचं वाक्य मास्तरांनी बसने कागद पाठवून कळवलं, पण ते स्वतः प्रयोगाला गेले नाहीत. ताप आहे म्हणाले. ताप नव्हता, मला माहीत आहे. त्यांना तो जुना हशा ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजीता वडशाला परतताना मूलला उतरली आणि सरळ दुकानात आली. मास्तरांनी तिला बसाही म्हटलं नाही.

"माह्या तोंडून शेवटचं वाक्य निंघालंच नाई, मास्तर," ती म्हणाली. "धाकट्यानं हाक मारली अन् मी बोलाच्या आधी लोकच बोलले. सारा मांडव. पोरायनं ऑर्कुटवर वाचून गावात आधीच सांगून ठेवलं होतं. कडी लावलीच नाई रे, म्हणे."

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. "हासले?"

"हासन कायले? अर्धे जण रडून राह्यले होते. मी नुसती आत उभी होती, कडीले हात लावून."

मास्तर मशिनीच्या स्टुलावर बसले आणि उगीचच चाक फिरवू लागले. सुईत दोरा नव्हता. जाहिदाबींनी रंजीतापुढे पाण्याचा पेला ठेवला.

त्या आठवड्यात पेटीचं कुलूप सायकलला गेलं. मी आता टेबलावरच्या फळीवर असते, बटनांच्या डब्यांशेजारी. अंगरखा आहे, पण त्याचं बटन तुटलंय आणि टेलरच्या घरात ते लावायला कोणाला वेळ नाही. येणारेजाणारे मला उचलतात, चाळतात. कोणी चहाचा कप माझ्यावर ठेवतं. एकाने तर दोन पानं उतरवून नेली, समोर बसून, आणि मास्तरांनी त्याला पेन दिलं. मी अजूनही दचकते. स्वभाव जात नाही. खडूने लिहिलेला तो निश्चय लोकांच्या अंगठ्यांनी अर्धा पुसला आहे, पण मास्तर रोज तासभर जातातच.

एवढं झाल्यावर मी निर्धास्त व्हायला हवं होतं. पण जानेवारीत एका दुपारी चंद्रपूरहून गडचिरोलीला जाणाऱ्या बसमधून एक माणूस उतरला. खांद्याला बॅग, अंगात नवं स्वेटर, पायात वॉचमनचे काळे बूट. "मी बुधू," तो म्हणाला. पुढच्या बसला अर्धा तास होता.

त्याने चहा घेतला नाही. मला हातात घेतलं, शेवटच्या प्रवेशाचं पान काढलं आणि त्या ओळींवर बोट ठेवून वाचलं. ते बोट 'कडी'वर पुन्हा पुन्हा परत येत होतं. भीती मी लगेच ओळखते, जन्मभर तिच्याच सोबत राहिलेय. तेवढ्या वेळात मी एकदाही पानं आवळली नाहीत.

"मास्तर," तो म्हणाला, "खरंच नसन ना लावली?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. "नाटकात नाई लावली, बाबू," ते म्हणाले. "तुह्या घरचं मले कसं माहीत असन? पण तू जाय."

बुधूने मला फळीवर ठेवलं, सरळ, काळजीपूर्वक, आणि बस पकडायला गेला.

आज तीन महिने झाले. त्याची काही खबर नाही. मास्तर रोज नेट कॅफेत जातात, ते मोहाचं झाड उघडतात, खाली काही लिहिलंय का पाहतात आणि परत येतात. येताना पिशवीतल्या मला काही सांगत नाहीत, म्हणजे काही नसतं. आयुष्यभर मी स्वतःसाठी भ्याले. वाळवीला, चोराला, इस्त्रीला. आता इस्त्रीत कोळसे पडतात तेव्हा माझं लक्षही नसतं. मी त्या दाराशी उभी असते.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. तुमच्यापैकी कोणी एटापल्लीकडे जाणारं असेल, चैतूचं घर कोणाला ठाऊक असेल, तर त्या दाराला कडी होती की नव्हती, एवढं पाहून या. आणि अयूब मास्तरांच्या वहीत दोन ओळी टाका. सगळ्यांना दिसल्या तरी चालतील.